पहिल्या टेबलाची खुर्ची

चवरे सरांना अनोळखी माणूस भेटला आणि कपातला चहा गार व्हायच्या आत त्याची ओळख निघाली नाही, असं सहसा होत नसे. गाव कुठलं, आडनाव काय, मामा कुठले, बहीण कुठे दिली, एवढ्या विचारपुशीत सर त्या माणसाच्या चुलीपर्यंत पोचायचे. मग मांडीवर थाप मारून म्हणायचे, "मग तुमी आपलेच की." समोरचा दुधनीचा अडत्या असो नाहीतर विजापूरहून आलेला औषधवाला, तो सरांचा कोणीतरी निघायचाच. अगदीच काही निघालं नाही तर सर म्हणायचे, तुमच्या गावच्या बाजारातून आमच्या वडिलांनी एकदा बैल आणला होता. माणूस तेवढ्यावरही खूश व्हायचा. बैल खरंच आणला होता का, हे सरांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

पूर्ण नाव रामहरी चवरे, गाव मोहोळ तालुक्यातलं. सोलापुरातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात ते कम्युनिकेशन स्किल्स शिकवायचे. म्हणजे पाहुण्याशी कसं बोलावं, फोन कसा घ्यावा, तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कसं शांत करावं, हे सगळं. पुस्तकात नजरेला नजर द्या, हसतमुख राहा असं लिहिलेलं असतं. सर म्हणायचे, ते ठीक आहे, पण माणूस एकदा आपलासा झाला की गार सूपसुद्धा गुमान पितो. त्यांचा गाजलेला तास वर्गात नव्हे, एस.टी. स्टँडवर व्हायचा. प्रत्येक मुलानं एका अनोळखी प्रवाशाशेजारी बसायचं आणि त्याची गाडी लागायच्या आत ओळख काढून दाखवायची. खेड्यापाड्यांतून आलेली, इंग्रजीच्या नावानं घाम फुटणारी पोरं या एका तासात बोलती व्हायची. हे सरांचं खरं काम होतं आणि ते त्यांनी मनापासून केलं होतं. तेवढं त्यांच्या पदरात टाकून मगच पुढचं सांगायला हवं, कारण पुढचं फारसं शोभणारं नाही.

त्या कॉलेजात एक रीत होती. शेवटच्या वर्षाची मुलं जाताना निरोपाचं जेवण करायची. स्वयंपाक त्यांचा, वाढणं त्यांचं. कॉलेजातल्या सरावाच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलं लागायची आणि पहिल्या टेबलाशी एकच खुर्ची मांडायची. तिथं कोणाला बसवायचं ते मुलं ठरवायची. ज्या मास्तरामुळे आपल्याला तोंड फुटलं असं त्यांना वाटतं, तो त्या दिवशी मोठ्या हॉटेलातला पाहुणा. त्याच्यासाठी दार उघडायचं, खुर्ची ओढायची, एकेका पदार्थाची माहिती इंग्रजीत सांगायची. बाकीचे मास्तर, प्राचार्यसुद्धा, मागच्या टेबलांवर.

रीत सुरू झाल्यापासून त्या खुर्चीवर चवरे सरच बसत आले होते. सरांना बढती मिळाली नव्हती, पीएच.डी. अर्ध्यात राहिली होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं दुबईत मॅनेजर झाली होती आणि ते अजून दुचाकीवरच फिरत होते. पण वर्षातून एकदा ती खुर्ची त्यांची असायची. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते निघायचे आणि संध्याकाळी गावाकडे आईला, बजाबाईंना, फोन करून सांगायचे की यंदाही मलाच बसवलं. त्या एका वाक्यावर सरांचं वर्ष निघायचं.

यंदा जूनमध्ये बुद्धप्रिया बनसोडे मॅडम आल्या. पुण्यात मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काही वर्षं काढून, मग शिक्षण पुरं करून त्या सोलापूरला परतल्या होत्या. विषय तोच. पहिल्या दिवशी सरांनी रिवाजाप्रमाणे चहा मागवला आणि विचारलं, कुठल्या तुम्ही? मॅडम म्हणाल्या, सोलापूरची. सरांनी विचारलं, मूळच्या? मॅडम म्हणाल्या, मूळचीही सोलापूरचीच. सर म्हणाले, म्हणजे कुठल्या भागातल्या? त्यावर त्या हसल्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम कुठवर आलाय ते विचारू लागल्या. आडनावावरून सोलापुरात जे कळायचं ते सरांना कळलंच होतं. त्याबद्दल ते मोठ्यानं काही बोलले नसते, स्वतःशीसुद्धा नाही. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चहा गार झाला आणि ओळख निघाली नाही. तिथंच पहिली ठिणगी पडली.

दोन वर्गांच्या मध्ये प्लायवुडची भिंत होती. पलीकडून हसण्याखिदळण्याचा आवाज आला असता तर सरांनी समजून घेतलं असतं. नवी बाई आहे, पोरांना नादी लावते, चालायचंच. पण पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. एकच मूल बोलत असायचं आणि बाकीचा वर्ग ऐकत असायचा. मॅडम मुलांना जोडीनं बसवायच्या. एकानं पाहुणा होऊन तक्रार सांगायची, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायची आणि शेवटी फक्त सांगायचं, की साहेब, तुम्हाला हे हवंय, बरोबर? बस, एवढंच. सर भिंतीला कान लावून हे ऐकायचे आणि मग स्वतःच्या वर्गात मुद्दाम मोठ्यानं विनोद सांगायचे. मुलं हसायची, पण उशिरा.

मॅडमनी मुलांना आणखी एक सांगितलं होतं, ते सरांच्या कानावर शेवटच्या वर्षाच्या ऋतुराजकडून आलं. पाहुण्याला गाव, आडनाव, नातीगोती विचारायची नाहीत. ज्याला सांगायला आवडतं तो आपण होऊन सांगतो. आणि काही माणसं अशी असतात की त्यांना तो प्रश्न विचारला गेला की पाठोपाठ खोली शिल्लक नसते. ऋतुराजनं हे फार गंभीर होऊन सांगितलं. सरांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट शिरली: ही बाई आपला एस.टी. स्टँड बंद करायला निघालीय. ते तडक प्राचार्यांकडे गेले. पाहुण्याशी बोलूच नका म्हणणारी बाई बोलणं काय शिकवणार, असं म्हणाले. प्राचार्य म्हणाले, दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. हे ऐकून सरांना प्राचार्यांचाही राग आला.

सर जळत होते. दुसरा शब्दच नाही त्याला. मॅडमच्या चपलांचा आवाज आला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मॅडमना कोणी फूल दिलं, कोणी डब्यातली चटणी दिली, की सर ते कुणी दिलं ते बघून ठेवायचे. घरी जेवताना मॅडमचा विषय निघायचा, म्हणजे सरच काढायचे. शेवटी बायको म्हणाली, तुम्ही त्यांचं एवढं नाव घेता की मला आता त्यांना बघायचंच आहे. सर ताटावरून उठले.

सगळ्यात जास्त लागलं ते ऋतुराजचं. हा पोरगा श्रीपूरचा, वडील साखर कारखान्यात नोकरीला. एका लग्नात सरांनी वडिलांची ओळख काढली आणि हॉटेलात म्हणजे कपबशा विसळायला, असं म्हणणाऱ्या त्या घराला समजावून पोराला कॉलेजात आणलं. पहिल्या वर्षी तो स्वतःचं नाव सांगतानाही खाली बघायचा. त्याला स्टँडवर नेऊन नेऊन सरांनी माणसात आणला. आणि आता शेवटच्या वर्षाला, पुण्याच्या हॉटेलची मुलाखत तोंडावर आलेली असताना, तो कॉलेज सुटल्यावर लिंबाखाली मॅडमपाशी बसलेला दिसायचा. मॅडम गप्प असायच्या आणि ऋतुराज बोलत असायचा, कितीतरी वेळ. सरांना या पोराच्या मामाचं गाव माहीत होतं, बहिणीच्या सासऱ्याचं नाव माहीत होतं. पण हा एवढा वेळ सलग काय बोलत असेल, याचा त्यांना पत्ता नव्हता. ते गाडीला किक मारायचे आणि गाडी सुरू झाल्यावरही तिथंच उभे राहायचे.

यंदा खुर्ची जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. मग सरांनी ठरवलं की या बाईची ओळख काढायचीच. सरळ बोटानं तूप निघत नाही म्हटल्यावर त्यांनी बोट वाकडं केलं.

कॉलेजच्या किचनचं कोठार सांभाळणारा सिद्धाप्पा हा दुधनीचा. त्याचा मेव्हणा सोलापुरात लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायचा. सरांनी त्याला गप्पांत धरलं आणि गप्पा हळूहळू बनसोड्यांवर आणल्या. सिद्धाप्पा भोळा माणूस, त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "चांगुणाबाईची लेक ती," तो म्हणाला. "आमच्या मेव्हण्याकडं वाढाया येत्यात की त्या, लई वर्सं झाली. तुमच्या आरोहीच्या लग्नाला बी त्याच हुत्या."

सरांना त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर त्यांना आनंद झाला. मुलीच्या लग्नातली पंगत, एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून वाढणाऱ्या बायका, आणि त्यांतली एक या मॅडमची आई. म्हणून गावगोत सांगत नाही तर. म्हणून पोरांना विचारू नका म्हणते. स्वतःचं झाकायचं आणि त्याचं शास्त्र करायचं. आपण हिला पकडलं, असं त्यांना वाटलं आणि त्या दिवशी ते जेवलेही चांगले.

निरोपाच्या जेवणाच्या आधी दोन्ही वर्ग एकत्र करून एक प्रात्यक्षिक घ्यावं, असं सरांनीच सुचवलं. विषय: स्वागतकक्षात आलेला पाहुणा. सर काउंटरमागे उभे राहणार आणि मॅडमनी पाहुणी होऊन यायचं. मॅडमनी हो म्हटलं. मुलं भिंतीला टेकून, बाकांवर चढून बघायला उभी राहिली.

मॅडम हातात बॅग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दोन रात्रींसाठी खोली हवी होती. सरांनी हसून नमस्कार केला, पाणी पुढे केलं आणि सुरुवात केली. मॅडम कुठून आल्या, माहेर कुठलं, वडील काय करायचे. मॅडम प्रत्येक प्रश्नाला थोडक्यात उत्तर देत होत्या आणि मधेच एकदा म्हणाल्या, खोलीचं तेवढं बघता का? सर म्हणाले, बघू की, घाई काय. मग त्यांनी वर्गाकडे वळून, मांडीवर मारायची ती थाप काउंटरवर मारली.

"निघाली ओळख. मॅडमच्या आई चांगुणाबाई. आमच्या आरोहीच्या लग्नात वाढायला होत्या. म्हणजे आपल्याच की."

कोणी हसलं नाही. बाकावर चढलेली मुलं हळूच खाली उतरली. ऋतुराज फरशीकडे बघत होता, पहिल्या वर्षी बघायचा तसा.

मॅडमनी बॅग खाली ठेवली. चेहरा होता तसाच होता, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हो सर," त्या म्हणाल्या. "मीही होते त्यांच्याबरोबर. आता खोली देता का? मी दमलेय."

सरांकडे खोली नव्हती. म्हणजे खेळातली चावी काउंटरवरच होती, पण ती द्यायची हे त्यांना सुचलंच नाही. तास तिथंच संपला. एरवी तास संपल्यावर मुलं सरांभोवती घुटमळायची; त्या दिवशी ती सरळ बाहेर गेली. आपण जिंकलो असं सर स्वतःला सांगत दुचाकीपर्यंत गेले. घरी पोचेपर्यंत ते त्यांनाच पटेनासं झालं. बायकोनं विचारलं, आज मॅडमचं काही नाही का? ते हातपाय धुवायला मोरीत गेले.

त्यानंतर त्यांनी खुर्चीची आशा सोडली. निरोपाच्या दिवशी रजा टाकायची, आईची तब्येत हे कारण सांगायचं, इथवर त्यांनी ठरवलं. आणि ऋतुराज स्टाफरूममध्ये आला. हात मागे घेऊन नीट उभा राहिला आणि म्हणाला, सर, पहिल्या टेबलावर तुम्ही यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

सरांचा कानांवर विश्वास बसेना. मॅडम समोरच पेपर तपासत होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांच्या मनात पहिलं हेच आलं की बघ, शेवटी मलाच.

त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट आला, चष्मा पुसला गेला. दार उघडलं गेलं, खुर्ची ओढली गेली. सर बसले. मागच्या टेबलांवर प्राचार्य, बाकीचे मास्तर, सिद्धाप्पासुद्धा. ऋतुराज सरांच्या टेबलाला होता. काळा कोट अंगावर नीट बसलेला, एकेक पदार्थ सावकाश, न अडखळता सांगत होता. ज्वारीची छोटी भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, सगळं मोठ्या हॉटेलातल्यासारखं पांढऱ्या ताटात मांडलेलं. सरांनी भाकरी मोडली तसं त्यानं न सांगता तुपाची वाटी उजव्या हाताशी सरकवली. सर डावा हात कधी लावत नाहीत, हे त्यानं कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. हे ऐकण्याबघण्याचं शिक्षण कोणाचं, ते सरांना कळलं, आणि सुखाच्या घासात खडा आला.

त्यांना राहवेना. "ऋतुराज," ते हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. मला बसवायचं कुणी ठरवलं?"

ऋतुराजनं मागच्या टेबलांकडे पाहून घेतलं. इंग्रजी गळून पडलं.

"सर, आमी मॅडमना बसवणार हुतो. त्या न्हाय म्हनल्या. म्हनल्या, चवरे सर नसते तर तुमच्यातले निम्मे हितं आलेच नसते, त्यांनाच बसवा."

एवढं सांगून तो पुढचं ताट आणायला गेला. सर खुर्चीत होते. जिच्यासाठी वर्षभर तळतळले ती खुर्ची त्यांच्याखाली होती, आणि ती त्या बाईनं दिलेली होती. हरले असते तर एक वेळ सोसलं असतं. तिनं खुर्ची बळकावली असती तर जन्मभर शिव्या तरी देता आल्या असत्या. आता काय करायचं? उठून जावं तर सगळे बघणार. भाकरी तोंडात फिरत राहिली.

वाढणारी मुलं कमी पडली होती म्हणून मॅडमही पदर खोचून टेबलांवर फिरत होत्या. पाण्याचा जग घेऊन त्या पहिल्या टेबलाशी आल्या. सरांना माफी मागायची होती, पण ती विद्या त्यांनी कधी शिकवली नव्हती आणि शिकलीही नव्हती. त्यांच्या तोंडून शेवटी प्रश्नच आला.

"आरोहीच्या लग्नात तुम्ही कुठल्या पंगतीला होता?"

"पहिल्या," मॅडम ग्लास भरत म्हणाल्या. "मी तेव्हा बी.ए.ला होते. तुम्ही एकेका पाहुण्यापाशी थांबत होता. गाव विचारत होता, आईवडिलांचं विचारत होता. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला माणूससुद्धा तुम्ही पुढं गेलात की ताठ बसायचा. मी आमटीची बादली घेऊन बघतच राहिले. म्हटलं, असं बोलता आलं पाहिजे. याचं शिक्षण असेल तर ते घ्यायचं."

सर बघत राहिले. म्हणजे एस.टी. स्टँडवर न नेताच त्यांनी हिला घडवलं होतं. क्षणभर त्यांची छाती फुगलीसुद्धा.

"तुम्ही त्या ओळीनं आमच्याकडेच येत होता," मॅडम पुढे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पाणी ओतणं चालूच होतं. "वाटलं, आता आपल्यालाही विचारणार. नाव, गाव, शिकतेस का, सगळी उत्तरं मी मनात तयार ठेवली होती."

"मग?"

"मग तुम्ही माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, पलीकडं बुंदी कमी पडलीय, पळ."

सरांनी आठवून पाहिलं. त्यांना त्या पंगतीतले सगळे पाहुणे आठवले, कोण कुठे बसलं होतं तेही आठवलं. जांभळ्या साड्या आठवल्या. त्यांच्यावरचा एकही चेहरा आठवला नाही.

त्यांनी शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची आपल्या टेबलाशी ओढली आणि म्हणाले, "बसा मॅडम. तुमच्या आईंचं सांगा. मला काहीच माहीत नाही."

"सांगेन कधीतरी," मॅडम म्हणाल्या, "आत्ता अजून दोन टेबलं राहिलीत." आणि जग घेऊन त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. तिथं सिद्धाप्पा बसला होता. तो काहीतरी म्हणाला, मॅडम त्याच्याकडे वाकून ऐकत राहिल्या, मग दोघंही हसली. चवरे सर पहिल्या टेबलावर बसून ते बघत होते, आणि त्यांना आता सिद्धाप्पाचा हेवा वाटत होता.